रंग, चिकटपट्टी आणि थंडी : मोटारीच्या रंगरक्षणाचा इतिहास

प्रस्तावना

समजा, डिसेंबर संपत आला आहे. तुम्ही जबलपूरच्या शोरूममधून नवी गाडी घेतली, तिलवारा घाटाजवळ नर्मदा ओलांडली आणि नागपूरच्या रस्त्याने बरगीला घरी आलात. गाडीला हार घातला, बॉनेटवर कुंकवाचे स्वस्तिक काढले, चाकाखाली लिंबू ठेवले. दुसऱ्या दिवशी कोणीतरी सांगते, 'या रस्त्यावर ट्रक फार. गिट्टी उडते. आत्ताच फिल्म लावून घ्या, नाहीतर महिन्याभरात बॉनेटवर टिपके दिसतील.' ही फिल्म म्हणजे रंगावर चढवायचे पारदर्शक पॉलियुरेथेनचे कातडे. इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला 'पीपीएफ' म्हणतात. मधल्या आकाराची पूर्ण गाडी झाकायची तर खर्च सहज लाखाच्या घरात जातो. एवढे पैसे मोजायचे आणि बाहेर सकाळचा पारा 8-10 अंशांवर, धरणाच्या पाण्यावरून धुके येते आहे. अशा हवेत फिल्म नीट बसेल का?

प्रश्न दुकानदाराला विचारायचा वाटतो, पण त्याचे उत्तर बरेचसे इतिहासात आहे. गाडीच्या रंगाचा इतिहास हा मोठ्या प्रमाणात हवामानाशी झालेल्या झगड्याचा इतिहास आहे. या पाठात आपण तो झगडा पाहू आणि शेवटी बरगीच्या त्या अंगणात परत येऊ.

वार्निशचे दिवस

मोटार येण्याआधी बग्गी होती. बग्गीच्या लाकडावर जवसाच्या तेलातले रंग आणि वार्निश यांचे एकावर एक अनेक थर देत, प्रत्येक थर वाळला की तो प्युमिस दगडाच्या भुकटीने घासत आणि पुढचा थर देत. एका चांगल्या बग्गीचे रंगकाम कित्येक आठवडे चाले. कारण साधे होते. जवसाचे तेल पाण्यासारखे उडून जात नाही. ते हवेतला प्राणवायू घेऊन हळूहळू घट्ट होते आणि थंडीत ही क्रिया आणखी मंदावते. त्यामुळे जुन्या कारागिरांचे नियम रंगापेक्षा खोलीबद्दल अधिक असत. खोली कोमट हवी, वारा नको, धूळ नको, दमट दिवशी शेवटचा हात द्यायचा नाही.

आपल्याकडे या नियमांचे देशी रूप सुतारांना ठाऊक होते आणि आजही आहे. मंडला, शिवनी, बालाघाट या बरगीच्या शेजारच्या जिल्ह्यांच्या जंगलांत पळस आणि कुसुमाच्या झाडांवर लाखेचा किडा वाढतो. त्या लाखेपासून चपडा होतो आणि चपडा स्पिरिटमध्ये विरघळवला की लाकडाचे पॉलिश तयार होते. भर पावसात हे पॉलिश मारले तर ते दुधासारखे पांढरे पडते. असे का होते? स्पिरिट उडताना पृष्ठभागाची उष्णता घेऊन जाते, पृष्ठभाग गार होतो, त्यावर हवेतली वाफ दवासारखी बसते आणि ते पाणी पॉलिशमध्ये अडकते. ही गोष्ट नीट लक्षात ठेवा. गार पृष्ठभाग, ओलावा आणि अडकलेले पाणी हे तिघे या पाठात पुन्हा भेटणार आहेत.

पहिल्या मोटारी बग्गीच्याच पद्धतीने रंगवल्या गेल्या आणि त्यातच अडचण झाली. फोर्डच्या कारखान्यात गाडी तासांत जुळू लागली, पण चांगले वार्निश वाळायला आठवडे लागत. फोर्डने 1914 ते 1925 या काळात मॉडेल टी फक्त काळ्या रंगात विकली, त्यामागचे एक व्यावहारिक कारण भट्टीत भाजता येणारे काळे जपान-वार्निश हे होते. ते लवकर वाळे, स्वस्त पडे आणि टिकाऊही असे.

ड्युको : एका ब्रँडचे सामान्यनाम कसे झाले

कोंडी फुटली ती नायट्रोसेल्युलोजमुळे. या पदार्थाचे घराणे स्फोटकांचे आणि सिनेमाच्या फितीचे. अमेरिकेतल्या ड्यू पाँट कंपनीच्या प्रयोगशाळेत 1920 च्या सुमारास असे नायट्रोसेल्युलोज हाती आले की ज्याच्या द्रावात भरपूर रंगद्रव्य घातले तरी ते पातळच राही आणि पिचकारीने मारता येई. 1923 मध्ये 'ड्युको' या नावाने ते बाजारात आले. जनरल मोटर्सच्या 1924 सालच्या ओकलंड गाड्या त्याच्या निळ्या रंगात निघाल्या. आठवड्यांचे काम तासांवर आले आणि गाड्यांना रंगांची निवड मिळाली.

जनरल मोटर्सने 1928 मध्ये मुंबईला शिवडीत गाड्या जुळवायला सुरुवात केली. आपल्याकडच्या भाषेत या रंगाने केवढे घर केले ते पाहा. आज कपाट बनवणारा सुतारही 'डुको मारून देऊ का?' असे विचारतो, तेव्हा तो शंभर वर्षांपूर्वीच्या त्या रंगाचे नाव घेत असतो, बहुधा नकळत.

पण ड्युकोने हवामानापासून सुटका केली असे समजू नका. हा रंग द्रावक उडून वाळतो, म्हणजे चपड्याचाच भाऊ. दमट दिवशी तोही पांढरा पडतो. म्हणून आपल्याकडचे डेंटिंग-पेंटिंगवाले पावसाळ्यात थिनरमध्ये 'रिटार्डर' घालतात. तो द्रावकाचे उडणे लांबवतो, पृष्ठभाग एकदम गार होत नाही आणि दव धरत नाही. हे ज्ञान पुस्तकातून आलेले नाही, ते गॅरेजमध्ये उस्तादाकडून शागिर्दाकडे गेले. आणि त्यासोबत थिनरची वाफही शागिर्दाच्या छातीत गेली. रंगाच्या इतिहासात ही बाजू फारशी लिहिली जात नाही.

चिकटपट्टीचा जन्म रंगाच्या दुकानात

आता आपल्या विषयाच्या मुळाशी येऊ. ड्युकोसारख्या रंगांमुळे 1920 च्या दशकात अमेरिकेत दुरंगी गाड्यांची टूम निघाली. वरचा भाग एका रंगाचा, खालचा दुसऱ्या. दोन रंगांमधली रेघ सरळ यावी म्हणून कारागीर पहिल्या रंगावर कागद चिकटवत. कागद काढताना नवा रंग सोलून निघे आणि सगळे काम पुन्हा करावे लागे.

सेंट पॉल शहरातल्या अशाच एका दुकानात रिचर्ड ड्रू हा तरुण जात असे. तो काच पेपर तयार करणाऱ्या 3एम कंपनीचा नोकर होता आणि कारागिरांना पॉलिश पेपरचे नमुने द्यायला येई. कारागिरांचा वैताग त्याने पाहिला आणि चिकटेल पण रंग न ओढता निघेल अशी पट्टी करण्याच्या मागे तो लागला. 1925 मध्ये मास्किंग टेप तयार झाली. पाच वर्षांनी त्यानेच सेलोफेनची पारदर्शक पट्टी बाजारात आणली, ती आपली सेलोटेप.

या घटनेकडे थोडे थांबून पाहण्यासारखे आहे. दाबाने चिकटणाऱ्या आधुनिक पट्टीची पहिली मोठी गरज मोटारीच्या रंगाने निर्माण केली. पुढे ती पट्टी घरोघर, कचेऱ्यांत, दवाखान्यांत गेली आणि अर्ध्या शतकाने फिल्म होऊन मोटारीच्या रंगावरच परत आली. पहिल्या वेळी तिच्याकडून रंगाला न दुखवता निघण्याची अपेक्षा होती. दुसऱ्या वेळी अपेक्षा दुप्पट झाली : वर्षानुवर्षे चिकटून राहा आणि मग, तसेच न दुखवता, निघ.

चिकट पदार्थ चिकटतो कसा, याचे एक उपयोगी माप त्याच कंपनीतल्या कार्ल डाल्क्विस्ट या शास्त्रज्ञाने दिले. त्याचा अर्थ सोप्या शब्दांत असा. पट्टीवरचा चिकट थर इतका मऊ हवा की हलक्या दाबानेही तो पृष्ठभागाच्या सूक्ष्म खाचाखोचांत ओघळून बसेल. ताठरपणा सुमारे 3 लाख पास्कलच्या वर गेला की थर ओघळत नाही, नुसता टेकून राहतो. आणि हा ताठरपणा तापमानावर अवलंबून असतो. थंडीत तो वाढतो. हिवाळ्याच्या सकाळी गारठलेल्या स्टीलच्या डब्यावर लेबल का बसत नाही, याचे उत्तर यातच आहे.

हेलिकॉप्टरची पाती

पॉलियुरेथेनचा शोध जर्मनीत, लेव्हरकुसेन येथे, ऑटो बायर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 1937 मध्ये लावला. रबरासारखा लवचिक आणि घर्षणाला चिवट असा हा पदार्थ. व्हिएतनाम युद्धात अमेरिकी हेलिकॉप्टरांच्या पात्यांच्या पुढच्या कडा वाळू आणि धुळीने झिजत होत्या. त्या कडांवर पॉलियुरेथेनची चिकटपट्टी लावण्याचा उपाय तिथे रुळला. अजूनही अनेक सायकलस्वार तिला 'हेलिकॉप्टर टेप' म्हणतात. तिथून ती शर्यतीच्या गाड्यांच्या नाकावर आली आणि 1990 च्या दशकात खाजगी गाड्यांच्या बॉनेटवर.

सुरुवातीच्या फिल्म जाड, ताठर असत आणि उन्हाने पिवळ्या पडत. पुढे उन्हाला टिकणाऱ्या रसायनांचे पॉलियुरेथेन आले आणि 2010 नंतरच्या दशकात वरून आणखी एक पातळ थर असलेल्या फिल्म रूढ झाल्या. त्या थरावरचे बारीक ओरखडे उन्हाच्या किंवा गरम पाण्याच्या उष्णतेने आपोआप भरून येतात. जाहिरातीत याला चमत्कारासारखे दाखवतात. प्रत्यक्षात थर मऊ होतो आणि आपल्या मूळ आकाराकडे परत जातो, इतकेच. खोल चिरा भरत नाहीत.

जबलपूर : न चमकणाऱ्या गाड्यांचे शहर

आपल्या परिसराचे या इतिहासातले स्थान वेगळे आहे. जबलपूरला 1904 मध्ये तोफगाड्यांचा कारखाना निघाला. स्वातंत्र्यानंतर, जर्मन मान कंपनीच्या परवान्यावर, 1959 पासून तिथे शक्तिमान ट्रक तयार होऊ लागले. 1969 मध्ये वाहनांसाठी स्वतंत्र कारखाना झाला. निस्सानच्या परवान्यावरची जोंगा तिथलीच. 'जोंगा' हे नावच जबलपूरच्या शस्त्रनिर्मिती आणि तोफगाडी कारखान्यांच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांतून घडवलेले आहे. शक्तिमान 1996 पर्यंत आणि जोंगा 1999 पर्यंत तयार होत राहिल्या. नागपूर आणि जबलपूर 1956 पर्यंत एकाच राज्यात होती. त्या जुन्या नात्याने आणि नंतर नोकऱ्यांच्या ओढीने इकडे आलेल्या मराठी घरांना या गाड्या अनोळखी नाहीत.

लष्करी गाडीचा रंग आणि आपल्या गाडीचा रंग यांत एक मजेशीर विरोध आहे. लष्करी गाडीने चमकता कामा नये. उन्हात चमकणारे बॉनेट दुरून शत्रूला दिसते. म्हणून मळकट हिरवा, चमक नसलेला रंग. त्याचे काम गंज रोखणे आणि नजरेत न भरणे. ओरखडा पडला तर ब्रश घ्या आणि रंग मारा. नव्या खाजगी गाडीची मात्र सगळी किंमत तिच्या चमकेत साठवलेली असते, म्हणून एक टिपका पडला तरी मालकाचा जीव खालीवर होतो. फिल्म ही या दुसऱ्या प्रकारच्या रंगाचीच गरज आहे. ज्या शहराने हजारो वाहने रंगवली, तिथे फिल्मचे दुकान ही अगदी अलीकडची गोष्ट असण्यामागे मला हे एक कारण दिसते.

दुसरे कारण कारखान्यातल्या रंगाच्या बदलात आहे. 1960 च्या दशकात फोर्डने गाडीचे सांगाडे विद्युतप्रवाहाच्या हौदात बुडवून प्रायमर चढवायला सुरुवात केली. पुढे रंगाचा थर वेगळा आणि वरचा पारदर्शक थर वेगळा, अशी पद्धत जगभर आली. मारुतीची पहिली गाडी 14 डिसेंबर 1983 रोजी मालकाच्या हाती गेली आणि तिच्यामागोमाग आपल्याकडेही गाडीच्या रंगाबद्दलच्या अपेक्षा बदलल्या. त्याआधीच्या पद्मिनी किंवा अँबॅसेडरचा मालक वर्षाआड पॉलिश करी, पाच-सहा वर्षांनी पूर्ण रंग देई. आता कारखान्यातला सगळा रंग मिळून साधारण 100 ते 120 मायक्रॉनचा असतो, त्यात वरचा पारदर्शक थर 40-50 मायक्रॉनचा. तो भट्टीत सुमारे 140 अंशांवर भाजलेला असतो आणि त्याच्या तोडीचा रंग गल्लीतल्या गॅरेजमध्ये पुन्हा मिळत नाही. म्हणून मूळ रंग राखायचा. त्यावर चढणारी फिल्म 150 ते 200 मायक्रॉनची असते, म्हणजे ज्याचे रक्षण करायचे त्याच्यापेक्षा रक्षकच जाड.

थंडी परत का आली?

इथे या पाठाचा मुख्य मुद्दा येतो. कारखान्याने रंगकाम बंद खोलीत आणि भट्टीत नेले तेव्हा हवामानाचा प्रश्न जवळजवळ संपला. गाडी जानेवारीत रंगवा की मे महिन्यात, भट्टी 140 अंशांवरच असते. पण फिल्म कारखान्यात चढत नाही. ती दुकानात, माणसाच्या हाताने, पाणी वापरून चढते. म्हणजे गाडीच्या पृष्ठभागाचे शेवटचे काम पुन्हा बग्गीवाल्या कारागिराच्या हाती आले आणि त्याच्यासोबत त्याचे जुने शत्रूही आले : धूळ, ओलावा, गारठा.

काम कसे चालते ते पाहा. गाडी धुऊन तिच्यावरचे लोखंडाचे कण आणि मेण काढतात. मग पाण्यात बेबी शॅम्पूचे काही थेंब घालून ते द्रावण पृष्ठभागावर आणि फिल्मच्या चिकट बाजूवर फवारतात, म्हणजे फिल्म घसरवून जागेवर आणता येते. जागा जमली की स्क्वीजीने पाणी बाहेर ढकलतात. कडांना आयसोप्रोपिल अल्कोहोल मिसळलेले पाणी वापरतात. ते लवकर उडते आणि कड पकडते. शेवटी हीट गनने कडा गरम करून आत वळवतात.

गारठ्यात यातले प्रत्येक पाऊल अडखळते. चिकट थर ताठरतो आणि ओघळत नाही. फिल्मही ताठरते, त्यामुळे आरशाच्या किंवा बंपरच्या गोलाईवर ओढून बसवली तरी ती मूळ आकाराकडे परत ओढ घेते आणि रात्रीतून कोपरा उचलला जातो. खाली राहिलेले पाणी उडत नाही, त्याचे धुरकट डाग दिसतात. चपड्याच्या पॉलिशमधले ते अडकलेले पाणी इथे पुन्हा भेटले. म्हणून बहुतेक उत्पादक साधारण 15 ते 25 अंशांच्या आसपास काम करायला सांगतात.

इथे एक चूक वारंवार होते. लोक हवेचे तापमान पाहतात, पण प्रश्न पत्र्याच्या तापमानाचा आहे. रात्रभर उघड्यावर उभी असलेली गाडी आकाशाकडे उष्णता टाकत राहते आणि तिचा टप भोवतालच्या हवेपेक्षाही गार होतो. पहाटे टपावर दव दिसते ते यामुळेच. बरगीसारख्या जलाशयाजवळच्या ठिकाणी हवेत ओल अधिक, म्हणून दवही भरपूर. अशी गाडी सकाळी नऊला कोमट, दमट खोलीत आणली तर तिच्यावर आणखी दव धरते. तीवर लगेच फिल्म चढवणे म्हणजे पावसात चपडा मारणे.

बंपरची गोष्ट आणखी नाजूक. तो प्लास्टिकचा असतो, त्याचा रंग पत्र्यापेक्षा बराच कमी तापमानावर भाजलेला असतो आणि गोलाया तिथेच सर्वांत जास्त. हीट गनखाली प्लास्टिकचा वरचा पापुद्रा झटकन तापतो, आतून मात्र गारच राहतो. घाईत कारागीर जास्त उष्णता देतो, फिल्म ताणली जाते, त्यावर रेघा उमटतात. थंडीतले बिघडलेले काम बहुधा थंडीने नव्हे, थंडीवर केलेल्या घाईच्या उपायाने बिघडते.

मग बरगीत काय करायचे?

डिसेंबरात फिल्म लावू नये असे मी म्हणणार नाही. जबलपूर म्हणजे लडाख नव्हे. दुपारचा पारा बहुतेक दिवस 20 च्या पुढे जातो. गाडी आदल्या संध्याकाळीच बंद शेडमध्ये ठेवायला सांगा, म्हणजे पत्रा आणि खोली एका तापमानावर येतील. काम सकाळी न धरता अकरानंतर धरावे. द्रावणाचे पाणी कोमट असावे. पत्र्याला हात लावून पाहा. गार लागला तर थांबा. चांगला कारागीर याला वैतागणार नाही. जो 'काही होत नाही, संध्याकाळी गाडी घेऊन जा' म्हणतो, त्याच्याकडे मी तरी गाडी देणार नाही.

काम झाल्यावर उन्हाळ्यात आठवडाभर गाडी धुऊ नका असे सांगतात. थंडीत त्याहून जास्त थांबा. पाण्याचे लहान फुगे दोन-तीन आठवडे दिसू शकतात आणि आपोआप जातात. त्यांना सुईने टोचू नका. कोपरा उचललेला दिसला तर बोटाने दाबत बसण्यापेक्षा दुकानात परत जा, कारण खाली धूळ गेली की तो पुन्हा चिकटत नाही.

नव्या गाडीला कारखान्याचा रंग असेल तर फिल्मसाठी थांबायची गरज नाही. पण डिलिव्हरीपूर्वी कुठे टच-अप झाला असेल, तर त्या भागातला द्रावक पूर्ण उडायला काही आठवडे लागतात. त्याआधी फिल्म लावली तर द्रावक खाली कोंडतो आणि काढताना रंग सोलून येण्याची भीती राहते. 1920 च्या दशकात सेंट पॉलच्या कारागिरांचा वैताग नेमका हाच होता. शोरूममध्ये हे स्पष्ट विचारा. आणि स्वस्तिकाचे कुंकू फिल्म लावण्याआधी ओल्या मऊ फडक्याने पूर्ण काढा. फिल्मवर पूजा करायची असेल तर ती चिकटून पक्की झाल्यावर करा आणि हळद-कुंकू त्याच दिवशी पुसा, कारण फिल्मचा वरचा थर रंग शोषतो आणि पिवळा डाग राहतो.

करून पाहा

एक स्टीलचा डबा तासभर फ्रिजमध्ये ठेवा, दुसरा ओट्यावर. दोन्ही कोरडे पुसा आणि लगेच सेलोटेपचा सारखाच तुकडा, सारख्याच दाबाने, दोन्हींवर लावा. एका मिनिटाने दोन्ही तुकडे हळू सोला. कोणता सहज निघतो? आता गार डबा न पुसता, त्यावर दव धरू देऊन हाच प्रयोग करा. त्यानंतर गार डब्यावर लावलेला तुकडा तसाच ठेवून डबा दुपारभर खोलीत राहू द्या आणि संध्याकाळी सोलून पाहा. तीनही वेळचा फरक 'चिकट थराचा ताठरपणा' आणि 'अडकलेले पाणी' या दोन संकल्पना वापरून आठ-दहा ओळींत लिहा. तुमच्या गावात डुको मारणारा जुना रंगारी असेल, तर पावसाळ्यात तो काय काळजी घेतो हे विचारून त्याच वहीत नोंदवा.